सतरा नंबर

मालवणात धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
अडुसष्ट डबे पुरलेत डांबरात,
थाळीएवढे, पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध.
वर गाडी आली की डब्याला कळतं,
खांबावरचा हिरवा दिवा लाल होतो,
आणि कोल्हापुरात, साताऱ्यात, कुठेतरी
कुणाच्या मोबाइलवर एक चौकोन मिटतो.

मला निळं जॅकेट मिळालं, पाठीवर 'सहाय्यक',
गळ्यात मशीन.
बघण्याचं काम डब्यांचं.
त्यांनी बघितलेलं मी
गाडीवाल्यांना पटवून देतो, एवढंच.

लोक घरून निघतानाच जागा धरतात आता.
फोंडा घाटात धुक्यात अडकलेला माणूस
तीन तास आधीच इथे उभा असतो,
एक्केचाळीस नंबरवर,
आणि त्याच्या नसण्याभोवती
मी दोरी धरून उभा.
रिकामी जागा राखणं फार जड असतं.
शिव्या मात्र अगदी भरलेल्या जागेइतक्याच मिळतात.

सतराचं निराळं होतं.
रोज साडेचारला सतरा लाल व्हायचा
आणि तिथे गाडी नसायची.
तिथे जयवंतीकाकी कोयंडे असायची,
बुडाखाली पाट, पुढ्यात आदोळी,
बांगडे, दोन सुरमया, सुपात लेपे,
काळी छत्री दगडांत रोवलेली.

कंपनीचा मुलगा आला पुण्याहून, अद्वैत नाव.
डब्याशेजारी उकिडवा बसला, लॅपटॉप मांडीवर.
म्हणाला, याला माणूस कळत नाही, लोखंड कळतं.
ह्यांची विळी, काटा, पाच किलोचं माप,
डबा समजतो एखादी छोटी गाडी.
हसला. मग जरा गप्प झाला.
मग लेप्यांचा भाव विचारला.

तोवर थकबाकी एकतीस हजार दोनशे झाली होती.
'क्रमांक नसलेल्या वाहनाच्या मालकास',
नोटीस मीच नेऊन दिली, वाचून दाखवली.
"माजी गाडी?" काकी म्हणाली, "खंयची रे?
रंग कसलो तिचो?"
आणि खवलं काढता काढता, वर न बघता,
"तुझो बापूस होडी खंय ओढायचो?
पावती फाडून?"

बाबा होडी ओढायचे वाळूत,
वाकड्या माडाच्या दक्षिणेला, अकरा पावलांवर.
कुठे लिहिलेलं नव्हतं. कुणी विचारत नव्हतं.
ते गेले त्या वर्षी
नारळी पुनवेपर्यंत त्या जागेवर कुणी होडी लावली नाही.
भरती यायची, बसायची, उठून जायची.
नंतर मी होडी विकली.
जॅकेटचा विषय मी वर सांगितलाच आहे.

सोमवारी अद्वैतने डब्याची जाण कमी केली.
आता फक्त खरी गाडी कळेल, म्हणाला, काकींचा त्रास मिटला.
थकबाकी शून्य.
साडेचारला काकी बसली.
सतरा हिरवाच.
पाच वाजता सांगलीची पांढरी गाडी,
धरलेली जागा, भरलेले पैसे,
मोबाइल काचेबाहेर काढून हॉर्न,
आणि काकी एका हातात सूप, एका हातात आदोळी घेऊन
गटाराच्या कडेला उभी,
छत्री सतरावरच राहिलेली.
तो माणूसही वाईट नव्हता. त्याने छत्री आणून दिली.

घरी पडवीत बाबांचा नांगर होता.
होडीसोबत द्यायचा राहिलेला,
की मी ठेवून घेतलेला, आता नक्की आठवत नाही.
चार फाळ, गंज, जुन्या दोराचं एक वेटोळं.
मंगळवारी सायकलला बांधून आणला,
काकीच्या पाटाशेजारी गोणपाटाखाली सरकवला.
डबा क्षणभर विचारात पडला.
मग लाल.

मशीनने मला विचारलं, वाहनाचा प्रकार?
दुचाकी, चारचाकी, बस, इतर.
मी 'इतर' दाबलं.
चाळीस रुपये तास पुन्हा चढायला लागले
त्या कुणाच्याच नसलेल्या गाडीवर.

साडेआठला काकी पाणी ओतून जागा धुते.
मी नांगर उचलतो. दिवा हिरवा होतो.
दोन मिनिटांत बेळगावची गाडी मागे मागे येते,
मी हात दाखवतो, अजून, अजून, बास.
जमीन ओली असते.
एखादं खवलं टायरला चिकटतं
आणि उद्या घाट चढून जातं.